पुणे : सोयी आणि गैरसोयी

विद्येचे माहेरघर, पेन्शनरांचे गाव आणि एकेकाळी सायकलींचे शहर अशी पुण्याची ओळख. १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय, तर १९४९ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले. पुढे पिंपरी-चिंचवडचे कारखाने व हिंजवडीतील आयटी कंपन्यांमुळे रोजगार वाढला. शिक्षणासाठी आलेले अनेकजण सौम्य हवामान व सांस्कृतिक वातावरणामुळे येथेच स्थायिक झाले.

रहिवाशांची पहिली तक्रार वाहतुकीची. पीएमटी व पीसीएमटीच्या विलीनीकरणातून २००७ मध्ये पीएमपीएमएल अस्तित्वात आली. २०२२ मध्ये मेट्रोही धावू लागली. तरीही दुचाकीवाचून पुणेकरांचे चालत नाही.

दुसरी तक्रार पाण्याची. खडकवासला, पानशेत, वरसगाव व टेमघर ही धरणे शहराची तहान भागवतात. मात्र याच पाण्यावर दौंड, इंदापूरच्या शेतीचाही हक्क आहे. त्यातच २०१७ मध्ये ११ व २०२१ मध्ये २३ गावे महापालिका हद्दीत समाविष्ट करण्यात आली. हद्द वाढली, पण जलवाहिन्या त्या वेगाने पोहोचल्या नाहीत. त्यामुळे मिळकतकर भरूनही उपनगरांतील अनेक सोसायट्यांना टँकरचे पाणी विकत घ्यावे लागते.

पुणे राहण्यास कसे, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच पेठेत एक आणि वेशीवर दुसरे मिळते.