तळटीप : ‘चाळीसगावहून नेऊन किडनी काढली’

* १९४०च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन येईपर्यंत मूत्रपिंडाच्या क्षयात रोगट मूत्रपिंड काढणे हाच मुख्य उपाय होता. आता आधी औषधे, मग गरज लागलीच तर साधारण ४ ते ६ आठवड्यांनी शस्त्रक्रिया.

मूत्रनलिका आकसून लघवी तुंबली, तर मात्र थांबता येत नाही. आत स्टेंट घालतात किंवा पाठीतून मूत्रपिंडात नळी बसवून लघवी बाहेरच्या पिशवीत उतरवतात. अरुंद झालेला भाग पुढे दुरुस्त करता येतो; आक्रसून ओंजळभरही न उरलेले मूत्राशय आतड्याचा तुकडा जोडून मोठे करतात. पू आणि चुन्याने भरलेले निकामी मूत्रपिंड बहुधा काढावेच लागते.

क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. लघवीत रक्त दिसले किंवा नेहमीच्या औषधांनी जळजळ थांबेना, तर चाळीसगावकरांनी लघवीची क्षयासाठी तपासणी जरूर करून घ्यावी.