वारीतली माउली, गावातला चोर



दिंडीचा शंभर वर्षांचा इतिहास सांगताना विणेकरी, चोपदार, टाळकरी यांची नावं निघतात. पण 'तुरुंगातून आलेला', 'चोराच्या जातीचा' म्हणून गावानं दूर ठेवलेला माणूसही वारीत चालला. त्याचीही नोंद हवी.

हा शिक्का जुना. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कैक जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. ज्यानं कधी चोरी केली नाही तोही चोर! ३१ ऑगस्ट १९५२ला त्या विमुक्त झाल्या. कायदा गेला, शिक्का राहिला. आपल्याच लातूरकडच्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांनी 'उचल्या'त (१९८७) ते सारं लिहून ठेवलंय. पोराला चोरी शिकवायची म्हणजे आधी मार सोसायला शिकवायचं. कितीही झोडपलं तरी नाव सांगायचं नाही. जो रडला नाही तो गडी! अन् पोलिसांची धाड आली की घरच्या बायांनाही भोगावं लागे.

असा घट्ट झालेला गडी वारीत येतो तेव्हा थोरला धाकट्याच्या पाया पडताना बघतो. इथं मिशीवाला बाप्याही 'माउली', अन् देवही 'विठाई'. कीर्तनात डोळे पुसले तर कुणी हसत नाही. माळ घालताना चोरी-दारू सोडल्याचा शब्द चारचौघांत द्यायचा, अन् तो पाळायला शेजारचा टाळकरी सोबत असतो. वरून उपदेश करणारा साहेब नाही, बरोबरीनं चालणारा सोबती!

पण एक गोष्ट आपण विसरतो. गडी सुधारला की त्याचं कौतुक होतं. तो आत असताना जिनं टोमणे ऐकत, रोजानं जाऊन लेकरं जगवली, ती डोक्यावर तुळस घेऊन मागं चालत असते. तिला कोण विचारतं? औंध संस्थानानं १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत काढली. 'दो आँखें बारह हाथ' सिनेमा त्याच प्रयोगावर बेतलेला. तिथं कैद्यानं शेती करायची अन् बायको-लेकरांसह राहायचं. माणूस एकटा सुधरत नाही, संसारासकट सुधरतो, हे त्यांनी ओळखलं होतं.

आपणही ओळखावं. पंढरीच्या वाटेवर ज्याला 'माउली' म्हणून कवटाळतो, त्याला गावात परतल्यावर कामाला लावतो का? त्याच्या घरी पाणी पितो का? त्याच्या बायकोला हळदीकुंकवाला बोलावतो का? वारीतली माउली वेशीत शिरताच पुन्हा चोर होत असेल, तर शंभर वर्षं चालूनही आपण पोचलो नाही.