आपल्या परिसराची नोंद कोण ठेवणार?

सोसायटीला पंचवीस वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं, आणि 'परिसराच्या इतिहासावर काहीतरी लिहा' असं फर्मान कमिटीकडून आलं. बोरिवलीचा इतिहास म्हटलं की बहुतेकांची गाडी कान्हेरीवर सुरू होते आणि तिथेच थांबते. पण मला वेगळाच प्रश्न पडला. हा इतिहास आपल्याला कळतो तो कुणीतरी कधीतरी तो लिहून ठेवला म्हणून. मग लिहून कुणी ठेवला, त्याचा खर्च कुणी केला, आणि पुढे कोण करणार?

आपल्या एक्सरचंच उदाहरण घेऊ. तिथल्या वीरगळांविषयी बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ उभे केलेले हे कोरीव दगड. त्यांवर जमिनीवरची लढाई आहे तशी समुद्रावरचीही आहे. वल्ह्यांच्या नौकांची रांगच्या रांग कोरलेली आहे. बरेच अभ्यासक त्यांचा संबंध तेराव्या शतकात शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्यात झालेल्या युद्धाशी जोडतात. या दगडांचं बारकाईने केलेलं वर्णन 1882 साली छापलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये सापडतं. साष्टी बेट तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. गॅझेटिअरचं काम सरकारी पैशाने झालं. इंग्रजांना आपल्या वीरांचा कळवळा होता असं नाही. राज्य चालवायचं तर मुलखात काय काय आहे ते ठाऊक हवं, हा त्यांचा हिशेब. मुंबई शहराची गल्लीबोळांसकट मोजणी लॉटन या अधिकाऱ्याने 1872 पर्यंत पूर्ण केली, तीही मुख्यतः जमीनमहसुलासाठी. हेतू काहीही असो, नोंद झाली. आज दगड झिजले तरी त्यांवर काय होतं ते वाचता येतं.

स्वातंत्र्यानंतर मोठमोठी स्मारकं केंद्राच्या आणि राज्याच्या पुरातत्त्व खात्यांकडे गेली. आपल्याकडची कान्हेरी आणि मंडपेश्वर ही केंद्राची संरक्षित स्मारकं. पण साधी घरं, चाळी, विहिरी, गावठाणं, बाजार यांचं काय? ती पुरातत्त्व खात्याच्या चौकटीत बसत नाहीत. त्यांची काळजी घ्यायची तर ती महापालिकेनेच.

मुंबईत हे पाऊल 1995 साली पडलं. बृहन्मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली, आणि शहराच्या पातळीवर असा कायदा करणारं मुंबई हे देशातलं पहिलं शहर ठरलं. सहाशेहून अधिक इमारती आणि परिसर श्रेणी एक, दोन, तीन अशा वर्गवारीने यादीत आले. महापालिका आयुक्तांना सल्ला द्यायला वारसा समिती आली. ही यादी उभी राहण्यामागे वास्तुविशारद, अभ्यासक आणि वारसाप्रेमी संस्थांची वर्षानुवर्षांची धडपड होती. त्यातलं कितीतरी काम लोकांनी हौसेने, पदरमोड करून केलेलं. हे कौतुकाचं खरं, पण त्याची मर्यादाही होती. यादीचा फार मोठा भाग दक्षिण मुंबईचा. फोर्ट आला, खोताची वाडी आली. उपनगरांच्या वाट्याला फारच थोडं आलं. हौसेने काम करणारा माणूस आधी डोळ्यांत भरणाऱ्या गोष्टींकडे जाणार, हे साहजिकच आहे. घरोघर, सर्व्हे नंबरप्रमाणे फिरायचं तर पगारी माणसं लागतात, नकाशे लागतात, वर्षं लागतात. म्हणजेच अर्थसंकल्पात तरतूद लागते.

दुसरा धडा 2012 चा. यादीत नऊशेहून अधिक नव्या नोंदींची भर घालण्याचा प्रस्ताव आला. त्यात शिवाजी पार्कचा परिसर होता. आपली जागा वारशात आली म्हणून तिथले रहिवासी खूश होतील असं वाटलं असेल, पण झालं उलटंच. पुष्कळांनी हरकती घेतल्या. जुन्या इमारती मोडकळीला आलेल्या, लिफ्ट नाही, दुरुस्तीला पैसे नाहीत, आणि आता रीडेव्हलपमेंटही अडणार, ही त्यांची भीती. आपल्यातले जे गिरगाव-दादरहून इकडे आले त्यांना ही भीती समजावून सांगायला नको. गळक्या छपराखाली राहणाऱ्याला 'तुमचं घर ऐतिहासिक आहे' हे ऐकून बरं वाटत नाही. त्या माणसांना इतिहासाचं वावडं होतं असं मला वाटत नाही. नोंद आणि निर्बंध या दोन गोष्टी आपण एकच करून टाकल्या, गडबड तिथे आहे.

याच बाबतीत अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहराचं काम पाहण्यासारखं आहे. तिथल्या महापालिकेने अख्ख्या शहराचं वारसा सर्वेक्षण केलं. 2005 साली गेटी या संस्थेने 25 लाख डॉलरचं अनुदान देऊ केलं, अट अशी की शहरानेही आपला वाटा घालायचा. नगर नियोजन खात्याने तो घातला. 2010 ते 2017 या काळात पथकं शहरभर फिरली आणि सुमारे 8 लाख 80 हजार भूखंड त्या पाहणीच्या कक्षेत आले. त्याआधी शहराच्या जेमतेम 15 टक्के भागाची अशी पाहणी झाली होती. नुसते बंगले आणि थिएटरं नव्हे, तर जपानी, चिनी, मेक्सिकन, आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या वस्त्या आणि त्यांच्या आठवणींच्या जागाही नोंदल्या. रहिवाशांना विचारलं, की तुमच्या मते महत्त्वाचं काय? आणि मुख्य म्हणजे, सर्वेक्षणात नाव आलं म्हणून घराला आपोआप वारसा दर्जा मिळाला नाही. आधी माहिती, मग निर्णय, असा तो क्रम. सगळी माहिती संकेतस्थळावर खुली केली.

आपल्याकडे माहितीच कच्ची असली की काय होतं तेही आपण पाहिलं. मुंबईचा नवा विकास आराखडा 2015 मध्ये प्रसिद्ध झाला आणि चुकांचा एवढा गदारोळ झाला की काही आठवड्यांत तो मागे घ्यावा लागला. उभ्या इमारतींवरून रस्ते दाखवलेले, वारसा वास्तूंच्या नोंदी सुटलेल्या. गावठाणं आणि कोळीवाड्यांच्या नोंदींबद्दलही तक्रारी होत्या. दुरुस्त आराखडा मंजूर व्हायला 2018 उजाडलं. नकाशावर जे नाही त्याच्यासाठी भांडायचं तरी कसं?

आपल्या दारातली मागाठाण्याची बौद्ध लेणी घ्या. कान्हेरीच्या शिलालेखात या गावाचं नाव येतं, इतकं ते जुनं. आज भोवती वस्तीचा वेढा आहे आणि इथे लेणी आहेत हे जवळून रोज जाणाऱ्यालाही ठाऊक नसतं. अलीकडच्या काळात मुंबई विद्यापीठ आणि साठ्ये महाविद्यालयाशी संबंधित शिक्षक-विद्यार्थ्यांनी साष्टी बेटावर पायपीट करून मूर्ती, गधेगळ, जुने अवशेष नोंदवले. त्यांना मानाचा मुजरा. पण एवढ्या मोठ्या उपनगराची नोंद कॉलेजच्या मुलांच्या सुट्ट्यांवर सोडायची का?

देशातल्या सर्वात श्रीमंत महापालिकेला आपण मालमत्ता कर भरतो. वॉर्डनिहाय वारसा सर्वेक्षणासाठी त्यातला थोडा पैसा दरवर्षी बाजूला ठेवा, आणि नोंद झाली म्हणजे रीडेव्हलपमेंट थांबली असं होणार नाही हे नियमात स्वच्छ लिहा, एवढी मागणी नगरसेवकाकडे करणं हे काही जगावेगळं नाही. एका सोसायटीने पत्र दिलं तर ते फाइलला लागेल. पन्नास सोसायट्यांनी दिली तर उत्तर द्यावं लागेल.

तोवर आपल्या हातात आहे ते आपण करू. आपली इमारतही आज ना उद्या रीडेव्हलपमेंटला जाणार, तशी चर्चा मागच्या सर्वसाधारण सभेत झालीच. ज्या जमिनीवर आपण राहतो तिथे आधी शेत होतं की वाडी, विहीर होती का, ती कधी बुजवली, हे सांगणारी माणसं अजून आजूबाजूच्या गावठाणांत आहेत. उद्या नसतील. कमिटीला विनंती आहे की ऑफिसच्या कपाटात एक फाइल याच कामासाठी उघडावी. मूळ नकाशाची प्रत, जुना सातबारा, बांधकाम चालू असतानाचे फोटो, पहिल्या गणपतीची वर्गणीची वही, जे ज्याच्याकडे असेल त्याने त्याची झेरॉक्स आणून द्यावी. फोटोमागे साल आणि माणसांची नावं तेवढी आठवणीने लिहा. पन्नासाव्या वर्षी स्मरणिका काढणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल.