संघाला मॅनेजर हवा आहे

बेसबॉलमध्ये ‘मॅनेजर’ हा शब्द आला की आपली थोडी फसगत होते. आपल्याकडे क्रिकेट संघाचा मॅनेजर म्हणजे तिकिटं, हॉटेलच्या खोल्या, सामान आणि भत्ते पाहणारा गृहस्थ. मैदानावरचे निर्णय कर्णधाराचे. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये कर्णधार असला तरी नावापुरता. कित्येक संघांत तो नसतोच. आज कोण खेळणार, फलंदाजीला कोणत्या क्रमानं जाणार, चेंडू टाकणारा पिचर दमला की त्याला केव्हा काढायचं, हे सगळं मॅनेजर ठरवतो. खेळाडूंसारखाच गणवेश घालून तो मैदानालगतच्या डगआउटमध्ये बसतो. एका मोसमात १६२ सामने, म्हणजे सहा महिने जवळजवळ रोज त्याची परीक्षा. संघ हरत राहिला तर सगळे खेळाडू बदलता येत नाहीत, म्हणून मॅनेजर बदलतात. त्यामुळे ‘संघ नव्या मॅनेजरच्या शोधात’ ही तिथली दरवर्षीची बातमी.

अशाच एका शोधाची हकिकत आज मला सांगायची आहे. १९७४ सालची, ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंड शहरातली. क्लीव्हलंड इंडियन्स हा तिथला जुना संघ. (२०२१च्या मोसमानंतर त्याचं नाव गार्डियन्स झालं.) संघानं अजिंक्यपद मिळवलं होतं १९४८ साली, पुढे मात्र त्याला उतरती कळा लागली. सत्तर हजारांहून अधिक प्रेक्षक मावतील असं सरोवराकाठचं अवाढव्य स्टेडियम बहुतेक दिवशी ओस पडलेलं असे. गर्दी जमवण्यासाठी ४ जून १९७४ रोजी दहा सेंटला बिअर विकली, तर प्यायलेले प्रेक्षक मैदानात घुसले, मारामाऱ्या झाल्या आणि सामना प्रतिस्पर्ध्यांना बहाल करावा लागला. अशा संघाचा मॅनेजर केन ॲस्प्रोमॉन्टे याची गच्छंती मोसम संपता संपता ठरल्यासारखीच होती. त्याच्या जागी कोण, हा प्रश्न जनरल मॅनेजर फिल सेघी यांच्यापुढे होता.

आता असा शोध त्या काळी होत कसा असे? जाहिरात नाही, अर्ज नाहीत. मालक आणि जनरल मॅनेजर चार ओळखीच्या माणसांना फोन करत. दुसऱ्या संघानं काढून टाकलेला एखादा मॅनेजर, त्याच्या हाताखालचा एखादा कोच, आपलाच एखादा जुना खेळाडू, एवढ्यात यादी संपे. पात्रता एकच : अनुभव. आणि इथंच खरी मेख होती. अनुभव मिळणार खालच्या लीगमध्ये संघ सांभाळून. पण त्या जागाही जवळजवळ सगळ्या गोऱ्यांनाच जात. पोहता आल्याशिवाय विहिरीत उतरू द्यायचं नाही, आणि विहिरीत उतरल्याशिवाय पोहता यायचं नाही, असा तो न्याय होता.

कृष्णवर्णीयांकडे अनुभव नव्हता असंही नाही. वर्णभेदामुळे त्यांना स्वतःच्या वेगळ्या लीग चालवाव्या लागल्या होत्या आणि त्या संघांचे मॅनेजर अर्थातच कृष्णवर्णीय होते. बक ओनील यांनी कॅन्सस सिटी मोनार्क्ससारखा नावाजलेला संघ सांभाळला होता. १९६२ मध्ये शिकागो कब्जनं त्यांना मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय कोच केलं. त्या काळात कब्जनं एक चमत्कारिक प्रयोग चालवला होता : एक मॅनेजर न नेमता कोचमंडळींनी आळीपाळीनं संघ चालवायचा. पण ओनील यांची पाळी काही आली नाही.

जॅकी रॉबिन्सन हे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरून त्यानं विसाव्या शतकातल्या मेजर लीगची वर्णाची भिंत पाडली. त्या घटनेला पंचवीस वर्षं झाली म्हणून १५ ऑक्टोबर १९७२ रोजी सिनसिनाटीत, वर्ल्ड सिरीजच्या सामन्याआधी त्याचा सत्कार झाला. मधुमेहानं पोखरलेला, नजर अधू झालेला जॅकी माइकसमोर उभा राहिला. त्यानं आभार मानले आणि पुढे सांगितलं, की या खेळात संघ चालवणारा एखादा काळा चेहरा दिसेल, त्या दिवशी मला याहून अधिक अभिमान वाटेल. सत्काराला आलेल्या माणसानं यजमानांना त्यांची उधारी आठवण करून द्यावी, तसं ते झालं. नऊ दिवसांनी, वयाच्या ५३व्या वर्षी जॅकी गेला. त्या वेळी मेजर लीगमध्ये चोवीस संघ होते, आणि चोवीसही मॅनेजर गोरे होते.

जॅकीचं हे मागणं वाचताना मला आपल्या पालवणकर बाळूंची आठवण होते. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणारा हा डावखुरा फिरकी गोलंदाज. मुंबईच्या स्पर्धांत हिंदू संघाला त्यांचे बळी हवे असत, पण चर्मकार समाजात जन्मलेल्या बाळूंना कर्णधारपद अखेरपर्यंत मिळालं नाही. ते मिळालं १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना. दोन देशांची, दोन समाजांची तुलना फार ताणू नये. तरीही एक गोष्ट दोन्हीकडे दिसते. एखाद्याच्या हाती चेंडू देणं सोपं असतं, कारण त्यात आपला फायदा असतो. त्याच्या हाती संघ द्यायचा, तर त्याचा हुकूम ऐकावा लागतो.

क्लीव्हलंडकडे वळू. १२ सप्टेंबर १९७४ रोजी, मोसम संपायला थोडेच दिवस उरले असताना, क्लबनं कॅलिफोर्निया एंजल्सकडून एक ३९ वर्षांचा फलंदाज घेतला. त्याचं नाव फ्रँक रॉबिन्सन. जॅकीशी नातं फक्त आडनावापुरतं. टेक्ससमध्ये जन्मलेला, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला वाढलेला हा माणूस तोवर दंतकथा बनला होता. १९६१ मध्ये सिनसिनाटीकडून तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. १९६५च्या अखेरीस, तिशीतच तो म्हातारा झाला असं ठरवून सिनसिनाटीनं त्याला बाल्टिमोरला देऊन टाकलं. पुढच्याच वर्षी त्यानं अमेरिकन लीगमध्ये सरासरी, होमरन आणि मिळवून दिलेल्या धावा या तिन्हींत पहिला क्रमांक पटकावला, अजिंक्यपद जिंकून दिलं आणि तिथंही सर्वोत्तम खेळाडूचा मान घेतला. दोन्ही लीगमध्ये हा मान मिळवणारा तो पहिला. दुसरा शोहेई ओहतानी यायला २०२४ साल उजाडावं लागलं.

पण या हकिकतीत फ्रँकची वेगळीच कमाई महत्त्वाची आहे. मॅनेजर व्हायचं त्यानं फार आधी ठरवलं होतं, आणि अनुभवाची सबब पुढे येणार हेही तो ओळखून होता. म्हणून १९६८च्या हिवाळ्यापासून, बाकीचे खेळाडू विश्रांती घेत असताना, तो पोर्तो रिकोला जाऊन सांतुर्से संघाचा मॅनेजर म्हणून काम करू लागला. अमेरिकेत विहिरीत उतरू देत नाहीत ना, मग शेजारच्या बेटावर जाऊन पोहायला शिकू, असा हा बाणा. हिवाळ्यामागून हिवाळे त्यानं तिथं काढले. सहा वर्षांनी क्लीव्हलंडला मॅनेजर हवा होता, तेव्हा ‘अनुभव कुठे आहे?’ हे त्याला विचारण्याची सोय उरली नव्हती.

३ ऑक्टोबर १९७४ रोजी घोषणा झाली. बेसबॉलचे आयुक्त बोवी कून जातीनं हजर राहिले. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांची तार आली. करार एका वर्षाचा, आणि तोही खेळाडू-मॅनेजर म्हणून; म्हणजे निर्णयही घ्यायचे आणि फलंदाजीही करायची. आज जॅकी इथं माझ्या शेजारी बसलेला असायला हवा होता, असं फ्रँकनं पत्रकारांना सांगितलं.

८ एप्रिल १९७५. बोचऱ्या थंडीत ५६ हजारांहून अधिक लोक आले. जॅकीच्या पत्नी रेचल रॉबिन्सन यांच्या हस्ते पहिला चेंडू टाकण्याचा समारंभ झाला. समोर न्यूयॉर्क यांकीज. संघाची यादी बनवताना फ्रँकनं स्वतःला दुसऱ्या क्रमांकावर ठेवलं होतं, आणि पहिल्याच खेपेला त्यानं चेंडू डाव्या बाजूच्या कुंपणापलीकडे भिरकावला. क्लीव्हलंडनं सामना ५-३ असा जिंकला. चित्रपटात दाखवलं असतं तर आपण अतिशयोक्ती म्हणून हसलो असतो.

पण इतिहास पहिल्या दिवशी संपत नाही. फ्रँक कडक शिस्तीचा, तापट माणूस. संघाचा गोरा, नामांकित पिचर गेलॉर्ड पेरी याच्याशी त्याचं पटेना. जूनमध्ये पेरीला टेक्ससला पाठवण्यात आलं. १९७५ मध्ये संघानं ७९ सामने जिंकले, ८० हरले. १९७६ मध्ये ८१ जिंकले, ७८ हरले. १९६८ नंतर प्रथमच विजय पराभवांहून अधिक झाले होते. १९७७ची सुरुवात मात्र खराब गेली आणि १९ जूनला फ्रँकला काढून टाकलं. पहिल्या कृष्णवर्णीय मॅनेजरबरोबर बडतर्फ झालेला पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर हा मानही त्याच्याच वाट्याला आला.

माझ्या मते कसोटी लागते ती इथं. बेसबॉलमध्ये मॅनेजर काढला जाणं ही बदनामी नव्हे; थोर थोर मॅनेजर दोन-तीनदा काढले गेलेत. प्रश्न असा, की काढलेल्याचं नाव पुन्हा यादीत येतं का? याचं उत्तर दुसऱ्या एका जोडीच्या नशिबात दिसतं.

लॅरी डोबी हा जॅकीनंतर अकरा आठवड्यांनी, जुलै १९४७ मध्ये मेजर लीगमध्ये आलेला दुसरा कृष्णवर्णीय खेळाडू. तो आला तोही क्लीव्हलंडकडूनच. १९४८च्या अजिंक्य संघात तो होता, आणि त्याच संघात बॉब लेमन हा गोरा पिचर होता. तीस वर्षांनी, १९७८ मध्ये, लेमन शिकागो व्हाइट सॉक्सचा मॅनेजर होता आणि डोबी त्याच्या हाताखाली कोच. संघ हरत होता. ३० जूनला लेमनला काढून डोबीला नेमलं. मेजर लीगचा तो दुसरा कृष्णवर्णीय मॅनेजर. नेमणारा मालक बिल व्हेक, म्हणजे १९४७ मध्ये डोबीला खेळाडू म्हणून आणणारा तोच माणूस. मोडकळीला आलेल्या त्या संघासह डोबीनं ८७ सामन्यांपैकी ३७ जिंकले. मोसम संपल्यावर त्यालाही निरोप मिळाला.

लेमनचं काय झालं? काढल्यावर महिन्याच्या आत यांकीजनं त्याला मॅनेजर केलं, आणि त्याच वर्षी त्यानं वर्ल्ड सिरीज जिंकली. त्याच अपयशी संघातून बाहेर पडलेली ही दोन माणसं, एकेकाळचे सहकारी. एकाला पुन्हा संधी मिळाली ती देशातल्या सर्वांत श्रीमंत संघाची. डोबी मेजर लीगमध्ये पुन्हा कधी मॅनेजर झाला नाही. लेमननं संधीचं सोनं केलं, यात वाद नाही. डोबीनं काय केलं असतं, हे कळण्याचा मार्गच बंद झाला. समान संधीचं मोजमाप मला पहिल्या नेमणुकीपेक्षा दुसऱ्या नेमणुकीत अधिक नेमकं दिसतं ते यामुळेच.

फ्रँकला ती दुसरी नेमणूक मिळाली. १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सनं त्याला बोलावलं. नॅशनल लीगचाही तो पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर. १९८४ मध्ये तिथूनही त्याला जावं लागलं. मग आला एप्रिल १९८७. जॅकीच्या पदार्पणाला चाळीस वर्षं होत होती, आणि एकाही संघाचा मॅनेजर कृष्णवर्णीय नव्हता. असं का, हे दूरचित्रवाणीवर विचारलं गेलं तेव्हा डॉजर्सचे बडे अधिकारी अल कॅम्पॅनिस बोलून गेले, की या कामासाठी लागणारे काही गुण त्यांच्याकडे नसावेत. दोन दिवसांत त्यांचं पद गेलं. हे कॅम्पॅनिस १९४६ मध्ये मॉन्ट्रियलच्या संघात जॅकीच्या शेजारी खेळले होते. चाळीस वर्षं दारं बंद का राहिली, याचा उलगडा त्या एका उत्तरानं देशाला झाला. दार बंद करणारी माणसं दुष्ट असतात असं नाही. पुष्कळदा ती सभ्य, स्नेहशील आणि स्वतःच्या न्यायबुद्धीविषयी निःशंक असतात.

१९८८ मध्ये बाल्टिमोरचा संघ पहिले सहा सामने हरला, मॅनेजर बदलला आणि फ्रँक आला. तो आल्यावर संघ आणखी पंधरा हरला! सुरुवातीलाच सलग एकवीस पराभव. हा नकोसा विक्रम होता. तरीही त्याला ठेवलं. पुढच्या वर्षी त्याच संघानं ८७ सामने जिंकले आणि फ्रँक अमेरिकन लीगचा सर्वोत्तम मॅनेजर ठरला. त्या मोसमाच्या शेवटच्या आठवड्यात गटातल्या पहिल्या स्थानासाठी बाल्टिमोर आणि टोरांटो समोरासमोर आले. टोरांटोचा मॅनेजर सिटो गॅस्टन, तोही कृष्णवर्णीय. टोरांटोनं बाजी मारली. पुढे १९९२ आणि १९९३ मध्ये गॅस्टननं वर्ल्ड सिरीज जिंकली. नंतर हा मान २०२२ मध्ये डस्टी बेकर यांना, आणि २०२०, २०२४, २०२५ असा तीनदा डेव्ह रॉबर्ट्स यांना मिळाला.

१९९९ मध्ये आयुक्त बड सेलिग यांनी सर्व क्लबना कळवलं, की मॅनेजरसारखी मोठी जागा भरताना अल्पसंख्य समाजातल्या उमेदवारांचाही विचार झालाच पाहिजे. नेमा, असं नाही, विचार करा. यावर टीका झाली, की मुलाखती नुसत्या उपचारापुरत्या होतात. टीका खोटी नव्हती. पण यादी चार ओळखीच्या माणसांच्या फोनवर संपत होती, ती निदान कागदावर आली.

फ्रँक रॉबिन्सननं पुढे मॉन्ट्रियल आणि वॉशिंग्टनसाठी २००६ पर्यंत काम केलं. ७ फेब्रुवारी २०१९ रोजी तो गेला. क्लीव्हलंडच्या मैदानात २०१७ पासून त्याचा पुतळा आहे, आणि तो फलंदाजाचा नाही. हातात संघाची यादी घेतलेल्या मॅनेजरचा आहे. खेळाडू म्हणून ५८६ होमरन मारणाऱ्या माणसाचा पुतळा असा घडवावा, यात त्या गावाची जाण दिसते. होमरन मारायला त्याला कुणी अडवलं नव्हतं. खेळणाऱ्यांची नावं स्वतःच्या हातानं लिहिण्यासाठी मात्र त्याला कित्येक हिवाळे परक्या बेटावर काढावे लागले.