युद्ध, तुरुंग आणि अणूवरचं मराठी पुस्तक

सीमेवर ठिणगी पडली की ‘आता सरकारला प्रश्न विचारू नका’ असे मेसेज मला येतात. म्हणून ही जुनी गोष्ट सांगतो.

२६ ऑक्टोबर १९६२. चीनचं आक्रमण, देशात आणीबाणी. कलम ३५८ मुळे कलम १९ मधल्या भाषणस्वातंत्र्याचं संरक्षण गेलं. लढाई महिन्याभरात थांबली, आणीबाणी मात्र जानेवारी १९६८ पर्यंत चालली!

त्या काळात प्रभाकर संझगिरी भारत संरक्षण नियमांखाली मुंबईत स्थानबद्ध होते. तुरुंगात त्यांनी मराठीत पुस्तक लिहिलं, ‘अणूच्या अंतरंगात’. निव्वळ विज्ञान. हस्तलिखित छपाईसाठी पत्नीकडे पाठवू द्या म्हणाले. सरकार म्हणालं, नाही.

मुंबई हायकोर्टाने परवानगी दिली. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं आणि सप्टेंबर १९६५ मध्ये, पाकिस्तानशी युद्ध पेटलेलं असताना, तिथंही हरलं. कोर्टाचं म्हणणं साधं होतं: स्थानबद्धाला पुस्तक छापायला मनाई करणारा नियम कुठाय? तो नव्हताच.

कलम ३५८ आजही आहे. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने ते फक्त युद्ध किंवा परकीय आक्रमणाच्या आणीबाणीपुरतं ठेवलं. युद्धात बंधनं येऊ शकतात, पण कायद्यानं. ‘हे छापू नका’ असा फोन आला तर मी तरी एवढंच विचारीन: साहेब, नियम कुठला?