अर्ध्या शटरखालची बाटली

आधी मास्क लावा. हनुवटीवर नको, नाकावर. घरीच जुन्या ओढणीचा शिवलेला, तीन पदरी. इलॅस्टिक कानामागे रुतेल, पण आज तेवढं सोसायचंच. खिशात सॅनिटायझरची छोटी बाटली, हातात कापडी पिशवी. सुटे पैसे घेतलेत ना? मग चला. 2020 सालातल्या मे महिन्याची 4 तारीख आहे आणि तुम्ही नाशिकमध्ये कॉलेज रोडच्या एका गल्लीतून बाहेर पडताय. गल्लीच्या तोंडाशी बांबू आडवे बांधलेत, त्यांच्याखालून वाकून जायचं.

थोडं थांबा आणि ऐका. रिक्षा नाही, स्कूटर नाही, शाळेच्या बसचा हॉर्न नाही. सिग्नल मात्र इमानदारीनं लाल होतोय, हिरवा होतोय, त्याच्याखाली चिटपाखरू नाही. दूर कुठेतरी कुकरची शिट्टी झाली तरी तिकडे मान वळते. लॉकडाउनमुळे चाळीस दिवस तुम्ही घरात आहात. दूध, भाजी आणि औषधं सोडून दुसरं काही विकत घेण्याचा आनंद काय असतो, हे अंग विसरून गेलंय.

आता मोठ्या रस्त्याला वळा. एवढा वेळ नव्हता तो आवाज इथे आहे. चाळीस दिवसांनी दारूची दुकानं उघडणार म्हणून दोन-अडीचशे माणसं ओळीनं उभी आहेत आणि ओळीची शेपटी पुढच्या चौकात वळून दिसेनाशी झालीय. डांबरावर चुन्याचे गोल आखलेत, सहा-सहा फुटांवर. काही गोलांत माणसं नाहीत, नुसत्या वस्तू आहेत. एकात हेल्मेट, एकात पिशवीवर ठेवलेला दगड, एकात चपलांचा जोड. त्यांचे मालक समोरच्या कडुनिंबाखाली सावलीला बसलेत. तुम्हीही एका गोलात उभे राहा. सकाळचे दहा वाजलेत, पण ऊन बाराचं आहे. मास्कच्या आत तुमचाच श्वास परत तुमच्याकडे येतो, सकाळच्या आल्याच्या चहाचा वास घेऊन. वरच्या ओठावर घाम साचतो, पुसायला हात वर जातो आणि मध्येच थांबतो. तोंडाला हात लावायचा नाही, हे आता हातालाही कळलंय.

"ए, गोलात! गोलात उभा राहा!" हवालदाराची काठी रस्त्यावर आपटते. ओळ दचकून सरळ होते, मिनिटभरात पुन्हा लोंबते. सुरुवातीला कोणी कोणाकडे बघत नाही. ओळखीचं कोणी दिसलं तर काय, म्हणून अर्ध्या लोकांनी गॉगल लावलेत. मग तासाभरानं संकोच गळून पडतो. पुढचे काका बँकेतून निवृत्त झालेत. मागचा पोरगा रंगारी आहे, मार्चपासून त्याच्या हातात ब्रश नाही. तीन गोल सोडून एक बाई आहेत, भाजीची पिशवी घेऊन, अगदी निवांत. त्यांना गॉगलची गरज वाटलेली नाही.

साडेअकराला पुढून ढकलाढकली होते. गोल पुसले जातात, घामाचा, तंबाखूचा आणि सॅनिटायझरचा एकवटलेला भपका येतो, कोणाचा तरी कोपर तुमच्या बरगडीत बसतो. चाळीस दिवसांत इतक्या जवळ कोणी आलं नव्हतं, म्हणून तुम्ही घाबरता. पुढे शटर खड्‌खड् करत खाली येतं. "बंद! सगळे घरी जा!" तुम्ही रिकामी पिशवी घेऊन परत. पिशवी रिकामीच न्यायची होती तर आणलं कशाला, असं विचारू नका. ही गर्दी तुम्हाला अंगावर घ्यायला हवी होती. त्याशिवाय पुढची शांतता कळली नसती.

आता अठरा-वीस दिवस पुढे सरका. एक पाऊल टाकलंत की झालं.

गुलमोहर पेटलाय. तेच दुकान, पण आता टोकन आहे. काउंटरपुढे सुतळीची दोरी आणि जाड प्लास्टिकचा पडदा, पडद्यामागे मालकाचा चेहरा पाण्याखाली असल्यासारखा दिसतो. तुम्ही वाइन मागता आणि तो क्षणभर गोंधळतो. आपल्याकडे पाटीवर 'वाइन शॉप' लिहिलेलं असतं, पण आत जे खपतं ती व्हिस्की, रम आणि बिअर. वाइन वरच्या फळीवर असते, धूळ खात. ज्या जिल्ह्यात देशातली सगळ्यात नावाजलेली वाइन बनते त्या जिल्ह्यातसुद्धा हे असंच आहे.

"वाइनचा माल आलाच नाही हो," तो पडद्याआडून म्हणतो. मग थोडा पुढे झुकतो. "त्या कोपऱ्यावरच्या अण्णांकडे जा. त्यांच्याकडे पडून आहे. परमिट रूमवाल्यांना आता सीलबंद द्यायला परवानगी मिळालीय, एमआरपीत. त्यांचं तर सगळंच ठप्प आहे. द्या त्यांना धंदा."

हे वाक्य नीट ऐका. एक दुकानदार आपलं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे पाठवतोय. त्या उन्हाळ्यात अशी वाक्यं कानावर पडत होती आणि ती मला अजून मोलाची वाटतात.

अण्णांचं हॉटेल तुम्हाला माहीत आहे. नाशिकच्या प्रत्येक भागात असं एक असतंच. मालक उडुपीकडचे, खाली फॅमिली सेक्शन, वर परमिट रूम, दाराशी बडीशेपेची वाटी. शटर निम्मं वर आहे. वाका. अजून वाका, डोकं सांभाळा.

आत काळोख आहे आणि गारवा नाही. एसी बंद, कारण बिल कोण भरणार? फिनेल, बंद पडलेल्या तंदुरातली जुनी राख आणि कोंडलेल्या सोफ्यांच्या रेक्झिनचा वास एकत्र नाकात शिरतो. खुर्च्या टेबलांवर पाय वर करून ठेवलेल्या. माशांच्या टाकीत पाणी नाही, तळाशी नुसते रंगीत खडे. फॅमिली सेक्शनच्या पार्टिशनवरून दोरी बांधलीय आणि तिच्यावर बनियनं वाळताहेत. वेटर आणि आचारी मिळून सव्वीस जण होते, त्यातले सहा इथेच राहिलेत. टेबलांच्या मधल्या जागेत चटया टाकून झोपतात. बाकीचे कोणी मिळेल त्या गाडीनं, कोणी ट्रकच्या टपावरून गावी गेले. ओडिशाचा एक मुलगा तुमच्या कपाळावर तापमापकाची बंदूक रोखतो. एरवी तुम्ही बसायच्या आत तुमच्यासाठी लिंबू-सोडा आणणारा हाच. मास्क असला तरी डोळ्यांवरून तो तुम्हाला ओळखतो आणि तुम्ही त्याला.

"या साहेब," अण्णा गल्ल्यामागून उठतात. "बसा म्हणता येत नाही, काय करू?"

हे म्हणताना त्यांचा आवाज बारीक होतो. तीस वर्षं ज्या माणसानं येणाऱ्या प्रत्येकाला 'बसा' म्हटलं, त्याला ते म्हणायची बंदी आहे.

ते तुम्हाला मागच्या कोठीत नेतात. सगळ्यात खालच्या फळीवर बाटल्या आडव्या झोपवलेल्या आणि त्यांच्यावर भिजवलेलं गोणपाट. दर दोन तासांनी मुलं त्याच्यावर पाणी मारतात. माठाला जे करतो तेच. अण्णा गोणपाट बाजूला करतात आणि एक बाटली उजेडाला धरतात. जवळून बघा. बूच काचेच्या कडेच्या वर आलंय, नखाएवढं, आणि वरचं वेष्टण फुगलंय. लेबलवर एक तपकिरी ओघळ वाळून चिकटलाय. आतलं द्रव्य उष्णतेनं फुगतं, बुचाला वर ढकलतं आणि फटीतून हवा आत जाते. "ही देणार नाही तुम्हाला," अण्णा म्हणतात. "अशा अकरा गेल्या. ही पिरगळायच्या झाकणाची घ्या. चेनिन ब्लांक आहे, आपल्या दिंडोरीकडच्या द्राक्षाची. ही टिकलीय."

त्या अकरा बाटल्यांचे पैसे अण्णांनी कधीच भरलेत. बिअरची तर याहून वाईट गत, तिची मुदत जेमतेम सहा महिन्यांची. पलीकडे क्रेट रचून ठेवलेत आणि प्रत्येकावर खडूनं संपायची तारीख लिहिलीय. त्यात परमिट रूमच्या परवान्याचं, म्हणजे एफएल-3चं, वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं, मग त्या दिवशी शटर बंद असो की उघडं.

बिल करताना अण्णा तुमच्या नावानं एक दिवसाचा पाच रुपयांचा परवाना फाडतात. मग जाडजूड रजिस्टर उघडून बाटलीची नोंद करतात: सुरुवातीची शिल्लक, विक्री, उरलेली शिल्लक. अक्षर मोत्यासारखं. किंमत बाटलीवर छापलेली, एक रुपयाही वर नाही. हीच बाटली मार्चआधी याच छताखाली जवळजवळ दुपटीनं मिळायची आणि त्या वरच्या पैशातच वाढणाऱ्याचा पगार, एसीची हवा आणि बडीशेपेची वाटी होती. एमआरपीत यातलं काही सुटत नाही. मालात अडकलेला पैसा मोकळा होतो, एवढंच.

म्हणून एक करा, जेवणही सांगा. दाल तडका, चिकन हंडी, चार रोट्या, पार्सल. अण्णांना हातभार लागेल तो बाटलीपेक्षा या पार्सलनं. आत कढईत फोडणी बसते, जिरं आणि लसूण तडतडतात आणि इतका वेळ मेलेल्यासारखं वाटणारं हॉटेल एकदम श्वास घेतं. तुमच्या पोटात कालवाकालव होते. हा वास तुम्हाला दोन महिने भेटलेला नाही. घरी फोडणी रोजच होते, पण हॉटेलच्या भट्टीवरच्या फोडणीला एक जळका काठ असतो, तो घरी येत नाही.

त्याच भट्टीच्या बाजूला मोठ्या टोपात खिचडी शिजतेय. ती विकायची नाही. संध्याकाळी मुलं ती फॉइलच्या डब्यांत भरून मुंबई-आग्रा महामार्गावर नेतात. तिकडे माणसं अजून आपापल्या गावांकडे चालताहेत, डोक्यावर बोचकी आणि कडेवर पोरं घेऊन. डबे बटर चिकनच्या पार्सलसाठी आणलेले होते.

पैसे स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवा. मुलगा नोटांवर फवारा मारतो. सुटे परत येतात ते ओले, स्पिरिटचा वास घेऊन. "मुलांसाठी," म्हणून तुम्ही एक नोट ट्रेमध्येच सोडता. तो नको म्हणत नाही, फक्त कपाळाला हात लावतो.

आता घरी. बाटली जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळली आहे, पार्सलची ऊब पिशवीतून मांडीला लागतेय. वाटेत गच्च्यांवर बघा, काही ठिकाणी द्राक्षं वाळत घातलीत. ऐन हंगामात बाजार मिटले, खायच्या द्राक्षांना उठाव राहिला नाही, म्हणून ज्याला जमलं त्यानं बेदाणा केला. गंगापूर धरणाकडच्या वायनऱ्यांत टाक्या भरलेल्या आहेत आणि ज्या अंगणांत शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्या लावायला जागा मिळत नसे, तिथे शुकशुकाट. वेलींना त्याचं काय! एप्रिलच्या छाटणीनंतर त्या पुन्हा पालवल्यात.

दाराशी चपला बाहेर, कपडे थेट बादलीत, हात वीस सेकंद. बाटलीलाही अंघोळ हवी. साबणाच्या पाण्यात ती बुडवून पाच मिनिटांनी काढता तेव्हा हातात येते नुसती हिरवट काच. लेबल सुटून पाण्यावर तरंगतंय, नाव, साल, सगळं त्याच्यावरच. ते उचलून खिडकीच्या काचेवर वाळायला चिकटवा.

रात्री बाटली उघडा. वाइनचे पेले नाहीत ना, मग स्टीलचे चालतील. झाकण कटकन तुटतं. आधी पेरूसारखा वास, मग लिंबाची साल, मग जिभेवर थोडा गोडवा. ही द्राक्षं खुडली तेव्हा शेतात बायका खांद्याला खांदा लावून, मास्कशिवाय, मोठ्यानं बोलत काम करत होत्या. तो आवाज तुम्ही ऐकलेला नाही, तरी या घोटात तो आहे असं वाटायला लागतं. हंडी थोडी गार झालीय, रोटी चिवट झालीय. तरी शेवटचा तुकडा कोणी खायचा यावरून घरात भांडण होतं.

या आता परत.

महाराष्ट्रातली हॉटेलं बसून जेवायला उघडली ती त्याच वर्षी 5 ऑक्टोबरला, निम्म्या खुर्च्यांनिशी. अण्णांचं उघडलं, टाकीत मासेही आले, पण सव्वीसपैकी बाराच जण परतले. समोरच्या रांगेतली दोन हॉटेलं उघडलीच नाहीत, तिथे आता मोबाइलची दुकानं आहेत. तुमच्या कोपऱ्यावरही असं एखादं जुनं हॉटेल तगून असेल. या आठवड्यात तिथे जा, पार्सल नेऊ नका. मालक 'बसा' म्हणतील, तेव्हा बसा.