हात रंगात, कान हवानात

जून-जुलैत आमच्या पट्ट्यात, म्हणजे जिते, हमरापूर, जोहे, कळवे, कुणाला निवांत बोलायला वेळ नसतो. गणपतीचे कारखाने रात्री दीड-दोनपर्यंत चालू असतात. मी रंगकामाला बसतो. पितांबर, शेला, दागिने, मग सोनेरी. तासन्‌तास एकच हालचाल. हात आपोआप चालतो, डोकं मात्र रिकामं. पूर्वी त्या रिकाम्या डोक्यात कारखान्यातला स्पीकर जे ओतेल ते जायचं. 2020 पासून मी एका कानात इअरफोन घालून जगाचा इतिहास ऐकतो. (दुसरा कान मोकळा ठेवावा लागतो, शेठ हाक मारतो.) कॉम्प्रेसर चालू झाला की काही ऐकू येत नाही, आणि डोळ्यांची आखणी करताना मी स्वतःच काही लावत नाही. बाकीच्या वेळात ग्रीसपासून व्हिएतनामपर्यंत बरंच फिरून झालं. त्याबद्दल लिही असं दोघा-तिघांनी सांगितलं, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

सुरुवात लॉकडाऊनमध्ये झाली. त्या वर्षी सार्वजनिक मूर्ती चार फुटांवर आणल्या, मोठं काम थांबलं. एका मित्राने येल विद्यापीठाच्या व्याख्यानांची लिंक पाठवली. या विद्यापीठाने 2007 पासून वर्गातली व्याख्यानं जशीच्या तशी रेकॉर्ड करून सगळ्या जगाला फुकट दिली आहेत. डोनाल्ड केगन नावाचे म्हातारे प्राध्यापक प्राचीन ग्रीस शिकवतात. माझं इंग्रजी बेताचं. वेग कमी करून, एकेक व्याख्यान तीन-तीनदा ऐकलं. अथेन्सच्या साथीपाशी आलो तेव्हा हातातला ब्रश थांबला. इ.स.पूर्व 430. स्पार्टाचं सैन्य येतंय म्हणून पेरिक्लीसने आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं शहराच्या भिंतीच्या आत आणली. दाटीवाटी झाली आणि त्यात साथ शिरली. पुढच्याच वर्षी पेरिक्लीस स्वतः गेला. मुंबईहून चालत निघालेली माणसं आपल्या हायवेवरून जाताना मी त्याच महिन्यांत पाहत होतो. शाळेत इतिहासात मला काठावर मार्क असायचे, पण हे कधी विसरलो नाही.

मग काका आला. माझा काका आयुष्यभर आखणी करायचा. मधुमेहाने डोळे गेले, म्हणजे अगदी काळोख नाही, पण ब्रशचं टोक दिसत नाही. तरी रोज कारखान्यात येऊन बसतो. एक दिवस म्हणाला, "एकटाच काय ऐकतंस रं? मलाबी सांग." तेव्हापासून पद्धत पडली. अर्धा तास ऐकायचं, थांबवायचं आणि काकाला आपल्या भाषेत सांगायचं. हळूहळू बाजूची पोरंही कान देऊ लागली.

ऑडिओबुक ही मोबाईलवाल्यांची चैन आहे असं मला वाटायचं. तसं नाही. तिची सुरुवात आंधळ्या झालेल्या माणसांसाठी झाली. पहिल्या महायुद्धात असंख्य सैनिकांचे डोळे गेले. त्यातला इयन फ्रेझर हा तरुण 1916 ला सोमच्या लढाईत आंधळा झाला. मोठेपणी ब्रेल शिकणं बहुतेकांना जमत नाही हे त्याने जवळून पाहिलं होतं, म्हणून त्याने पुस्तकं तबकडीवर बोलती करण्याचा ध्यास घेतला. 1935 मध्ये ब्रिटनमध्ये ती घरोघर जाऊ लागली. तबकडीच्या एका बाजूला पंचवीसेक मिनिटं, एका कादंबरीला तबकड्यांचा गठ्ठाच लागायचा. हे काकाला सांगितलं तर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पुढचं लाव."

काकाला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र क्यूबाची. तिथे सिगार वळायचे कारखाने. रांगेने बाकं, माणसं दिवसभर तंबाखूची पानं वळतायत, हात कामात आणि कान मोकळे. डिसेंबर 1865 मध्ये हवानाच्या एल फिगारो कारखान्यात कामगारांनी ठरवलं की एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. वाचणाऱ्याची मजुरी बाकीच्यांनी आपल्या खिशातून भरायची. सकाळी वर्तमानपत्र, मग कादंबरी, इतिहास, राजकारण. पुढचं पुस्तक कुठलं, हे कामगार मत देऊन ठरवायचे. 'मॉन्टेक्रिस्टो' या सिगारचं नाव तिथल्याच एका लाडक्या कादंबरीवरून पडलं असं सांगतात. काकाचा पहिला प्रश्न, "त्या वाचनाऱ्याला रोज किती सुटायचा?" इतिहासकार असे प्रश्न फार उशिरा विचारायला शिकले.

वर्षभरात, 1866 ला, स्पॅनिश सरकारने या वाचनावर बंदी आणली. कामगार आपलं काम सोडून नको त्या चर्चा करतात, ही तक्रार. बंदी पुरती टिकली नाही. लोक समुद्र ओलांडून फ्लोरिडात गेले, तिथेही वाचणारा उंच खुर्चीवर बसला. 1891 ला होसे मार्ती टॅम्पाला या कामगारांपुढे बोलला आणि क्यूबाच्या स्वातंत्र्ययुद्धाला पैसा उभा राहिला तो मोठ्या प्रमाणात या सिगार वळणाऱ्यांच्या खिशातून. 1931 मध्ये टॅम्पाच्या मालकांनी वाचणाऱ्यांना काढून टाकलं. त्यांच्या जागी काय आणलं माहितीये? रेडिओ. आमच्या कारखान्यातला तो स्पीकर आठवला मला.

आपल्याकडे केरळात कन्नूरच्या बीडी कामगारांमध्येही एकाने पेपर वाचायचा आणि त्याच्या वाटच्या बिड्या बाकीच्यांनी वळायच्या, ही रीत होती.

आता माझी फजिती सांगतो, कारण ऐकण्यातला धोका तिच्यात आहे. तीन वर्षांपूर्वी शिवजयंतीला मला बोलायला उभं केलं. मी जोरात सांगितलं की व्हिएतनामने अमेरिकेला हरवलं ते महाराजांचा गनिमी कावा शिकून, त्यांचा मंत्री इथे येऊन रायगडावरची माती घेऊन गेला. टाळ्या पडल्या. खाली उतरल्यावर एका निवृत्त मास्तरांनी बाजूला घेऊन शांतपणे विचारलं, "हे कुठे वाचलंस?" वाचलं नव्हतंच. ऐकलं होतं, एका फॉरवर्ड क्लिपमध्ये, भारदस्त आवाजात, मागे तुतारी. घरी येऊन शोधलं. कुठेही पुरावा सापडला नाही.

मग व्हिएतनाम नीट ऐकलं. 1954, दिएन बिएन फू. फ्रेंचांनी दरीत तळ टाकला, वरच्या डोंगरांवर तोफा चढूच शकणार नाहीत या हिशेबाने. जनरल ग्यापच्या माणसांनी तोफा दोरखंडांनी ओढून चढवल्या. धान्य आणि दारूगोळा आणायला हजारो सायकली, एकेकीवर दोनशे किलोपर्यंत ओझं. 13 मार्चला हल्ला सुरू झाला, 7 मेला फ्रेंच शरण आले. ही खरी गोष्ट त्या क्लिपपेक्षा कितीतरी भारी आहे. आणि महाराजांना व्हिएतनामच्या सर्टिफिकेटची गरज कधीपासून पडायला लागली? पुढच्या वर्षी त्याच स्टेजवर मी चूक कबूल केली. टाळ्या कमी पडल्या.

पुस्तकात मागचं पान उलटता येतं, तळटीप दिसते. कानाला तळटीप नसते. आवाज चांगला असला की माणूस मान डोलावतो. नावांचाही घोळ होतो. अफानासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याबद्दल ऐकत होतो. 1469 च्या सुमारास एक घोडा विकायला घेऊन तो समुद्रातून 'चिविल' बंदरात उतरला, पुढे जुन्नर, बिदर. लोक उघड्या अंगाने हिंडतात आणि आपल्याला गोरा म्हणून बघायला मागे लागतात, असं त्याने लिहून ठेवलंय. मी चिविल कुठे अरबस्तानात धरून बसलो होतो. दुसऱ्यांदा ऐकताना डोक्यात प्रकाश पडला: आपलं चौल! अलिबागच्या पुढचं. रेवदंड्याला त्या माणसाचं स्मारक आहे, आणि मी त्याच्यासमोरून किती वेळा गेलोय. आता वहीत नाव लिहितो आणि घरी गेल्यावर नकाशा बघतो.

(पनवेलला जाताना गाडीतही ऐकतो. माईक डंकन नावाच्या एका अमेरिकन माणसाने 2007 ते 2012 या पाच वर्षांत 179 भागांत पश्चिम रोमन साम्राज्य उभं करून पाडून दाखवलं. पळस्पे-इंदापूर चौपदरीकरण 2011 ला सुरू झालं. पुढचं बोलत नाही.)

गेल्या सीझनला इंग्लंडच्या शेतीवरची व्याख्यानं लावली. तिथे गावोगाव सामायिक जमिनी होत्या. गरीब माणूस तिथे गाय चारायचा, सरपण गोळा करायचा. मग पार्लमेंटने एकेका गावासाठी कायदा करून त्या जमिनी कुंपणात घातल्या. 1604 ते 1914 या काळात असे 5,200 हून जास्त कायदे, सुमारे 68 लाख एकर. ज्याच्याकडे कागद होता त्याला वाटा मिळाला. ज्याच्याकडे फक्त वहिवाट होती तो गिरणीत मजुरीला गेला. काका म्हणाला, "म्हंजे त्यांचा सातबारा नव्हता." एवढं थोडक्यात त्या प्राध्यापकांनाही सांगता आलं नव्हतं.

काकाच्या सासुरवाडीचं गाव 2008 च्या त्या 22 गावांतलं. महामुंबई सेझसाठी जमीन द्यायची की नाही यावर 21 सप्टेंबर 2008 ला हेटवणेच्या लाभक्षेत्रातल्या गावांत प्रशासनाने शेतकऱ्यांचं मतदान घेतलं. सेझ पुढे बारगळला. त्याआधी 27 ऑक्टोबर 1933 पासून अलिबाग तालुक्यात चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून खोतांची जमीन कसणं बंद केलं, 25 गावं, जवळजवळ सहा वर्षं. 1934 ला डॉ. आंबेडकर चरीला आले, 1937 ला त्यांनी विधिमंडळात खोती रद्द करायचं बिल मांडलं, 1939 ला कूळकायदा झाला. त्या दिवशी कारखान्यातल्या अठरा-वीस वर्षांच्या पोरांना मी चरी विचारलं. दोघांनी गाव ऐकलं होतं. संप एकालाही माहीत नव्हता. आणि ती सगळी कुळांचीच नातवंडं-पतवंडं.

इंग्लंडच्या कुंपणावर कितीतरी तासांचं रेकॉर्डिंग मला फुकट मिळतं. चरीवर, पोरं कारखान्यात बसून ऐकतील असं, मला मिळालं नाही. मराठी ऑडिओबुकं गेल्या आठ-दहा वर्षांत खूप वाढली, शिवकाळावर, पेशवाईवर भरपूर आहे, चांगलंही आहे. पण जगाचा इतिहास शोधायला गेलं की मी परत इंग्रजीत जातो, आणि काकाला परत माझ्या तोंडून, माझ्या चुकांसकट ऐकावं लागतं.

तसं बघितलं तर रेकॉर्ड केलेल्या व्याख्यानाचं आपल्याइतकं जवळचं उदाहरण दुसरं नाही. विनोबा आपल्या पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. 1932 ला धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी ते कैद्यांसमोर गीतेवर बोलले, अठरा अध्याय, अठरा रविवार. मशीन नव्हतं. साने गुरुजी समोर बसून लिहून घेत होते, म्हणून 'गीता प्रवचने' आज आपल्या हातात आहे. आता प्रत्येकाच्या खिशात मशीन आहे आणि आपण त्यात रील बघतो.

तर काम असं ठरवलंय. विसर्जनानंतर कारखान्यांना सुट्टी असते. तेव्हा मी आणि दोन पोरं मोबाईल घेऊन फिरणार आहोत. पेण, अलिबाग, उरण तालुक्यांत ज्यांच्या घरी चरीचा संप आई-वडिलांच्या तोंडून ऐकलेलं माणूस आहे, किंवा 2008 ला रांगेत उभं राहून मत दिलेलं, त्यांनी कमेंटमध्ये नको, मेसेजमध्ये कळवा. तासभर लागेल. बोलीत बोलायचं, शुद्ध मराठीची अट नाही. साल, गाव, नावं आम्ही जुन्या कागदांशी ताडून बघू. मास्तरांनी ती जबाबदारी घेतली आहे. पहिलं रेकॉर्डिंग काकाचं झालंय, 48 मिनिटं. त्यात मधेच कॉम्प्रेसर वाजतो, तेवढं चालवून घ्या.